चांदबीची दहावी बांगडी

जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरात शिरत गेलं की तळेघरच्या वाटेपर्यंत ज्या लहानमोठ्या वाड्या लागतात, त्यांतल्या झाडून सगळ्या बायकांची मनगटं चांदबी मन्यारणीला तोंडपाठ होती. नावं ती विसरायची. मनगट मात्र कधी विसरली नाही. बाजारात एखादी समोर येऊन म्हणाली, "काय चांदबी, वळखलंस का?" की ही आधी तिचा हात हातात घ्यायची, अंगठ्याचं मूळ दाबून बघायची आणि म्हणायची, "आगं, तू हिरडेवाडीची धाकटी सून न्हवं? तुझं हाड लई कडक. लगनात भरताना रडून घर डोक्यावर घेतलं व्हतंस." आणि ते खरंच निघायचं.

बाई उंच, काटक, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. डोईवरचा पदर कधी ढळायचा नाही आणि तोंडातलं पान कधी संपायचं नाही. डोक्यावर बांगड्यांची पाटी, गळ्यात दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा. त्यामुळे ती वाडीत पोचायच्या आधी तिचा आवाज पोचायचा. घरी नवरा बदरुद्दीन. दम्याचा आजारी आणि स्वभावानं भित्रा. तो ओट्यावर बसून बांगड्या ओवायचा, आणि कोणी खाकी कपड्यातला दिसला की, पोस्टमन का असेना, उठून सलाम करायचा.

चांदबीच्या धंद्याची एक रीत होती. काचेची बांगडी हाताच्या पेरावर आली की बाईचा जीव मुठीत येतो. जीव मुठीत आला की हात घट्ट होतो, आणि हात घट्ट झाला की बांगडी पिचते. यावर उपाय एकच. बाईला बोलण्यात गुंतवायचं. तिचं मन बोलण्यात गेलं, की हात लोण्यासारखा होतो आणि बांगडी कधी मनगटावर गेली ते तिलाही कळत नाही. म्हणून चांदबी भरता भरता सारखी बोलायची. आणि बोलायची ते खरंच बोलायची. कोणी म्हणालं, "अगं, जरा गोड बोलावं माणसानं," तर तिचं उत्तर ठरलेलं असे. "खोटं बोलाया ध्यान लागतं, बाई. माझं ध्यान बांगडीवर असतं. मग तोंडातून खरंच येतं. मी काय करू?"

भरण्याचे नियमही ती कडक पाळायची. डाव्यात अकरा, उजव्यात दहा. एकदा हात हातात घेतला की दोन्ही हात भरून होईस्तोवर बाईनं पाटावरून उठायचं नाही. जिनं भरायला घेतलं तिनंच पुरं करायचं. एक हात एकीनं आणि दुसरा दुसरीनं, हे चालायचं नाही. आणि भरून झालं की बाई कोणत्याही घरची असो, तिनं मन्यारणीला वाकून नमस्कार करायचा आणि मन्यारणीनं "सुहागन ऱ्हा, बेटी," म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवायचा. पाटलाची सून असो की सावकाराची, त्या वेळेपुरती चांदबी सगळ्यांची आई.

या सगळ्या फिरतीत एकच अडचण होती. काळओढा.

हिरडेवाडी आणि जुन्नर यांच्यामध्ये हा ओढा आडवा पडलेला. आठ महिने घोटाभर पाणी, बायका त्यात भांडी घासायच्या. आषाढ लागला की तोच ओढा असा माजायचा की पलीकडल्या वाडीला अलीकडची माणसं नुसती दिसायची. पंचमीच्या बांगड्या भरायला चांदबी दर वर्षी जीव धरून तो ओलांडायची. पुढं काठीनं तळ चाचपणारा हिरडेवाडीचा सावळेराम, मागं चांदबीच्या कमरेला धरून त्याच वाडीची लंकाबाई, आणि मध्ये पाटी डोक्यावर घेतलेली चांदबी, अल्लाचं आणि भैरोबाचं नाव आळीपाळीनं घेत.

या ओढ्यावर साकव, म्हणजे लहानसा पूल, होणार हे पहिल्यांदा सत्तेचाळीस साली कळलं. झेंडा चढवायला आलेल्या पुढाऱ्यांनी जुन्नरात भर पावसात सांगितलं, "गोरा गेला. आता राज्य आपलं. येत्या पावसाळ्याच्या आत काळओढ्यावर साकव बांधू!" ते ऐकून चांदबीला काय वाटलं कोणास ठाऊक. तिनं घरातला माल उपसला आणि दुसऱ्या दिवशी हिरडेवाडीच्या सगळ्या बायकांना तिरंगी बांगड्या फुकट भरल्या. केशरी मिळाल्या नाहीत म्हणून पिवळ्या घातल्या. पांढरी बघून लंकाबाईनं हात मागं घेतला. "माझा धनी जिता हाय, चांदबी. पांढरी काय भरतीस?"

"ती तुझी न्हाई, झेंड्याची हाय. आन हात!"

बदरुद्दीन महिनाभर डोक्याला हात लावून बसला होता. "राज उनका आया," तो म्हणायचा, "और माल मेरा गया."

पिवळ्या, पांढऱ्या आणि हिरव्या सगळ्या पिचून गेल्या. साकव काही आला नाही. मग बावन्न सालच्या निवडणुकीत दुसरे पुढारी आले. मोजणीच्या साखळ्या घेऊन माणसं आली, दगडांवर लाल रंगाचे पट्टे मारून गेली, आणि हिवाळ्यात ओढ्याच्या अलीकडच्या काठावर चांगली घडीव काळी कोनशिला बसली. पुढाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात आणि साकवाचं बारीक. पुढं चार पावसाळे त्या कोनशिलेचा उपयोग पाणी उतरायची वाट बघत बसायला झाला. पंचावन्न सालच्या श्रावणात वाडीतल्या झुंबरबाईला कळा लागल्या. तिला झोळीत घालून जुन्नरच्या दवाखान्यात न्यायला काढलं. ओढा कसाबसा ओलांडला, पण त्यातच इतका वेळ गेला की पुढं जायची गरज उरली नाही. बाळंतपण कोनशिलेवरच झालं. मुलगा झाला. दगड सरकारचा म्हणून पोराचं नावही 'सरकार' पडलं. तेव्हापासून हिरडेवाडीत, "सरकार रडतंय गं," "सरकारला कुणीतरी धुवा," अशा हाका कायम ऐकू यायच्या.

छप्पन्न सालचा पावसाळा आला तेव्हा चांदबीचा उजवा गुडघा बोलायला लागला होता. तिनं लंकाबाईला सांगून टाकलं, "यंदाची पंचमी शेवटची. साकव झाला तर येईन, न्हाई झाला तर तुमच्या हातांचं तुमी बघा."

"मग आमी काय मोकळ्या हातानं मरावं?" लंकाबाई म्हणाली. तिनं ते चिडून म्हटलं, पण तिचे डोळे भरले. वीस वर्षं त्या वाडीत बाहेरचं दुसरं कोणी माणूस आत येऊन, हात हातात घेऊन, चार शब्द बोललेलं नव्हतं.

पंचमीला पाणी इतकं होतं की चांदबीला जाताच आलं नाही. चार दिवसांनी थोडं उतरलं म्हणून निघाली. बरोबर मध्यावर गुडघ्यानं दगा दिला. सावळेरामनं चांदबीला धरलं, पाटीला कोणी धरायचं? नव्या हिरव्या बांगड्यांची अख्खी पाटी कलंडली आणि काळओढा छुनछुन वाजत खाली गेला. बायका काठावर रडायला लागल्या. चांदबी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ओरडली, "रडू नका! ओढ्याला भरल्या म्हणा!" घरी परत आल्यावर गळ्यातली एक माळ तेवढी शाबूत निघाली. त्यातली एक पिचलेली. उरल्या अकरा.

दुसऱ्या दिवशी दारात रावसाहेब येऊन उभे राहिले. हे रावसाहेब कोणत्या खात्याचे ते सांगण्यात अर्थ नाही. खाती बदलतात, रावसाहेब तेच राहतात. काळा कोट, हातात छत्री आणि कपाळावर कायम घाई. त्यांना बघून बदरुद्दीन सलाम करायला उठला तो खोकत खालीच बसला.

"चांदबी, परवा पंधरा ऑगस्ट. उपमंत्रीसाहेब येताहेत. बरोबर वहिनीसाहेब आहेत. दुपारचं जेवण मदनलाल शेठजींकडे. शेठाणी उगमबाईंची इच्छा आहे, की सवाष्ण घरी येते तर हिरव्या बांगड्या भरून पाठवावी. तू यायचं."

"रावसाहेब, माल न्हाई."

"माल नाही म्हणजे?"

"व्हता. आता काळओढ्यात हाय. अकरा उरल्यात."

"अकरा पुष्कळ झाल्या की."

"एका हाताला झाल्या, रावसाहेब. बाईमाणसाला दोन हात अस्त्यात."

"हे बघ, मला हिशेब शिकवू नकोस. जे असेल ते घेऊन ये, पण ये. आणि आणखी एक. तिथं ओढा, पाणी, साकव यातला एक शब्द काढायचा नाही. तोंड बंद ठेवायचं."

"तोंड बंद ठेवलं तर बांगडी चढायची कशी?"

रावसाहेबांना हा उद्धटपणा वाटला. छत्री उघडून ते निघून गेले. बदरुद्दीननं चांदबीच्या पदराचं टोक धरलं. "सरकारके मूं को नको लग, चांद. मेरी कसम."

"मी कुठं लागते? खरं तेच सांगितलं. त्यांनी ऐकलं न्हाई."

पंधरा ऑगस्टला पाऊस लागून राहिला होता. उपमंत्र्यांच्या हस्ते काळओढ्याच्या साकवाची नवी कोनशिला बसायची होती. जुन्या कोनशिलेवर जुन्या पुढाऱ्याचं नाव, त्यामुळे नवी लागणार हे उघडच होतं. पण बसवायची कुठं? ओढ्यावर जावं तर वाटेत तीन नाले, मोटार जाणार नाही. साकव नाही म्हणून साकवाची कोनशिला बसवायला जाता येत नाही, असा पेच पडला. रावसाहेबांनी तो सोडवला. कोनशिला जुन्नरातच, सरकारी बंगल्याच्या बागेत, दोन जास्वंदींच्या मध्ये बसवली. "पाऊस संपला की उचलून जागेवर नेऊ," ते म्हणाले.

बंदोबस्तही त्यांनी असा केला होता की साहेबांपर्यंत एकही अर्ज पोचू नये. बंगल्याच्या फाटकाशी शिपाई उभे. आत शिरणाऱ्या प्रत्येक गड्याचा खिसा बघायचे, बंडी बघायचे. सावळेराम हिरडेवाडीहून पहाटे निघून आला होता. त्यानं अर्ज पागोट्याच्या आत गुंडाळला होता. शिपायांनी पागोटं सोडलं, अर्ज काढून घेतला आणि सात हातांचं ओलं पागोटं त्याच्या हातात दिलं. बिचारा सगळं भाषण ते गुंडाळत ऐकत होता. एवढी झडती झाली, पण शेठच्या घरी मागच्या दारानं गळ्यात बांगड्या घालून आलेल्या बाईकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. तिला तर रावसाहेबांनीच बोलावलं होतं.

मदनलाल शेठच्या माजघरात पाट मांडला होता. उपमंत्र्यांची बायको अनुसूयाबाई गोरी, ठसठशीत, मोकळ्या हसण्याची बाई होती. उगमबाईंनी आग्रह करकरून तिला तीन वेळा दालबाटी वाढली होती, त्यामुळे पाटावर बसताना तिला हात द्यावा लागला. चांदबीनं तिचा डावा हात हातात घेतला आणि अंगठ्याचं मूळ दाबलं.

"या हातानं जात्यावर दळलेलं हाय," ती म्हणाली.

"अगं बाई! तुला कसं कळलं? लग्नाआधी रोज पायलीभर दळायची मी. आता मुंबईत कसलं जातं! आणि बांगड्यासुद्धा दुकानदार पुडीत बांधून देतो. साबण लावून आपल्या आपणच चढवायच्या. हात धरून कुणी भरतंय हे किती वर्षांनी!"

एवढं झालं आणि चांदबी गप्प झाली. पहिली बांगडी पेरावर अडकली. "आई गं!" अनुसूयाबाई कळवळली. दुसरी त्याहून वाईट चढली. हात लाकडासारखा झाला.

"चांदबी, आज मुकी का गं तू?" उगमबाईंनी विचारलं. "एरवी तर तुझी चक्की बंद होत नाही."

"रावसाहेबांनी तोंड बंद ठेवाया सांगितलंय."

अनुसूयाबाईनं मान वर केली. "का?"

"बोलायचं न्हाई म्हणून."

"कशाबद्दल?"

"आता ते सांगितलं तर बोलल्यासारखंच झालं की, वहिनीसाहेब."

अनुसूयाबाई इतकी हसली की तिसरी बांगडी त्या हसण्यातच चढली. "मी सांगते, बोल. रावसाहेबांना मी बघते."

मग चांदबी बोलली. तिरंगी बांगड्या सांगितल्या, पांढरी बघून हात मागं घेणारी लंकाबाई सांगितली, लाल पट्टे सांगितले. कोनशिलेवर जन्मलेलं सरकार सांगितलं, तेव्हा उगमबाईंनीही तोंडाला पदर लावला. परवाची पाटी सांगितली तेव्हा मात्र अनुसूयाबाई हसली नाही. ती चांदबीच्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघत राहिली. बांगड्या एकामागून एक सरकत होत्या. अकरावी मनगटावर गेली.

"हा घे उजवा," अनुसूयाबाई म्हणाली.

"उजव्याच्या न्हाईत."

"नाहीत म्हणजे?"

"सांगितलं की. ओढ्यात हाईत."

उगमबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. सवाष्ण, तीही उपमंत्र्यांची, आपल्या घरातून एक हात भरलेली आणि एक हात मोकळी बाहेर पडणार! "अगं, तू आधी सांगायचंस ना!"

"सांगितलं. रावसाहेब म्हणले, हाय ते घिऊन ये. आले."

"बाजारातून आणवते मी."

"पंचमी कालपरवा झाली, शेठाणी. या मापाची हिरवी कुनाकडं ऱ्हायली न्हाई. आन मिळाली तरी मी दुसऱ्याचा माल भरत न्हाई, आन माझं भरणं दुसरी कुनी पुरं करत न्हाई."

तेवढ्यात दाराशी खाकरणं ऐकू आलं. उपमंत्री स्वतः उंबऱ्याबाहेर उभे होते. मागं मदनलाल शेठ, त्यांच्या मागं रावसाहेब. "आटपलं का? ओतूरला सभा आहे. माणसं पावसात ताटकळली असतील."

"मला उठता येत नाही," आतून अनुसूयाबाई म्हणाली.

"का? पाय मुरगळला?"

"हात अर्धा राहिलाय."

त्यांना काही उलगडेना. मग सगळा प्रकार पुन्हा सांगण्यात आला. उपमंत्री माणूस वाईट नव्हता. बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेला होता, आणि शब्द देणं हे त्याच्या हाताच्या सवयीचं काम झालं होतं. तो म्हणाला, "बाई, काळजी करू नका. पुढच्या पावसाळ्याच्या आत साकव होईल. हा माझा शब्द."

चांदबी पाटासमोरून उठली नाही. हात तिच्या हातात होता. "साहेब, शब्द लई झाले. सत्तेचाळीसला एक, बावनला एक, आज सकाळी बागंत एक. तिन्ही वढ्यात टाकून बघितले. एकावर बी पाय ठरंना."

"ए बाई, कुणाशी बोलतेस कळतंय का?" रावसाहेब पुढे झाले.

उपमंत्र्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते जरा विचारात पडल्यासारखे दिसले. "बागेत म्हणजे? रावसाहेब, ओढा त्या बंगल्याच्या मागंच आहे ना? सकाळी मी भाषणात बोट करून दाखवला तो?"

रावसाहेब छत्रीच्या मुठीकडे बघायला लागले.

"ती बंगल्याची मोरी, साहेब," चांदबी म्हणाली. "वढा तिथनं साडेतीन कोस."

बाहेर ओसरीवर कोणीतरी फसकन हसलं. तो सावळेराम होता. पागोटं अजून नीट बसलेलं नव्हतं. उपमंत्र्यांचे कान लाल झाले. मोरीकडे बोट करून त्यांनी सकाळी पाऊण तास सांगितलं होतं, की या रौद्र प्रवाहानं किती पिढ्यांचं नुकसान केलं.

"आता मी काय करू?" त्यांनी विचारलं, आणि ते सरळ विचारलं.

उत्तर अनुसूयाबाईनंच दिलं. "तुम्ही ओतूरला सभा करा. चांदबी, अशा वेळी काय करतात गं? कुणाचं भरणं अर्धं राहिलं तर?"

"एक सोय हाय. मोकळ्या मनगटाला हिरवा दोरा बांधायचा. दोरा हाय तवर भरणं चालू हाय, अर्धं न्हाई. पण तवर त्या हातात दुसरं काय बी घालायचं न्हाई. सोनं बी न्हाई."

अनुसूयाबाईनं उजव्या हातातल्या पाटल्या उतरवून पदरात बांधल्या आणि हात पुढं केला. "बांध."

"अगं, पण मुंबईला लोक काय म्हणतील?" उपमंत्री म्हणाले.

"विचारतील. मग मी सांगेन."

आणि तिनं सांगितलं. पुढच्या चार महिन्यांत तिनं सांगितलं तेवढं सरकारच्या कोणत्याच खात्यानं कधी कोणाला सांगितलं नसेल. गौरीच्या हळदीकुंकवाला मंत्र्यांच्या बायकांनी विचारलं, "हे हो काय, एक हात असा?" की ही सुरुवात करायची ती मोरीपर्यंत येऊनच थांबायची. मोरीवर सगळ्या हसायच्या, आणि संध्याकाळी आपापल्या घरी नवऱ्यांना सांगायच्या. दुसऱ्या दिवशी ते नवरे उपमंत्र्यांना भेटले की पहिलं विचारायचे, "काय, मोरी कशी आहे?" रोज सकाळी चहाचा पेला ज्या हातानं समोर यायचा, तो हात मोकळाच असायचा. दिवाळीत उपमंत्र्यांची म्हातारी आई गावाहून आली. सुनेचा तो हात बघून तिनं कपाळावर हात मारला आणि लेकाला म्हणाली, "तुझ्या जिवापरीस दोन दगडं एकावर एक ठेवणं जड झालं व्हय रे?"

कार्तिकात हिरडेवाडीच्या वाटेवर चुन्याची पोती दिसली. चांदबीचा विश्वास बसेना. ती लंगडत जाऊन पोत्यात हात घालून बघून आली. चुनाच होता. गवंडी आले, सावळेराम आणि वाडीतली माणसं कामावर लागली. लंकाबाई रोज काठावर बसून गवंड्यांना नावं ठेवायची. पौषात साकव उभा राहिला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अनुसूयाबाई जीपमधून थेट ओढ्यावर आली. उपमंत्री निवडणुकीच्या गडबडीत होते. बरोबर रावसाहेबांना पाठवलं होतं. रावसाहेबांनी साकव असा दाखवला, जसा काही तो त्यांनी घरून करून आणला होता. दगडी खांब, वर भक्कम फरशी, दोन्ही बाजूंना कठडा. चांदबीनं साकवाच्या मधोमध घोंगडं अंथरलं, नव्या पाटीतून हिरव्या बांगड्या काढल्या, अनुसूयाबाईच्या मनगटावरचा विटून पांढरा झालेला दोरा सोडून पाण्यात टाकला आणि उजवा हात हातात घेतला.

पलीकडून हिरडेवाडीच्या बायका निघाल्या होत्या. पण त्या येता येता थांबल्या. चांदबीनं मान वळवून बघितलं. वाडीच्या बाजूला साकव संपत होता तो थेट हवेत. जमीन दीड पुरुष खाली. तिथं एक लाकडी शिडी लावलेली होती, आणि बायका एकेक करून त्या शिडीनं साकवावर चढत होत्या. लंकाबाई वर पोचून धापा टाकत होती. झुंबरबाई पोराला कडेवर घेऊन चौथ्या पायरीवर अडकली होती, आणि खालून सगळ्या ओरडत होत्या, "सरकार पडंल! सरकारला धरा कुणीतरी!"

"रावसाहेब, हे काय?" अनुसूयाबाईनं विचारलं.

"साकव संपूर्ण आहे, वहिनीसाहेब. टोकाच्या भरावाचं अंदाजपत्रक वेगळं असतं. ते पुढच्या वर्षी मंजूर होईल, मी शब्द..." एवढ्यात त्यांचं लक्ष चांदबीकडे गेलं आणि ते थांबले.

चांदबीनं भरणं चालू ठेवलं. एक, दोन, तीन, बांगड्या चढत होत्या. बायका कोंडाळं करून बसल्या. सहा, सात. लंकाबाई अनुसूयाबाईला आपल्या नातवाचं बारसं सांगत होती. आठ. नऊ. दहावी बांगडी चांदबीनं चिमटीत धरली आणि ती तशीच राहिली.

"भर ना," अनुसूयाबाई म्हणाली.

"भरते. पण वहिनीसाहेब, माझं ध्यान त्या शिडीवर जातंय. ध्यान नसताना बांगडी चढवली तर पिचती."

अनुसूयाबाईनं एकदा शिडीकडे बघितलं, एकदा ओढ्यातल्या दगडगोट्यांच्या राशीकडे बघितलं. मग तिनं कठड्याला पाठ टेकली आणि पाय लांब केले. "बाई गं, मला काही घाई नाही. आज मुक्काम केला तरी चालेल. लंकाबाई, भाकरी आहे ना तुझ्याकडे?"

"नाचणीची हाय. ठेचा बी हाय."

"मग झालं तर."

सावळेराम आणि चार गडी आधीच ओढ्यात उतरून दगड उचलून शिडीपाशी रचायला लागले होते. रावसाहेबांनी जीपकडे बघितलं. जीप उपमंत्र्यांची होती आणि वहिनीसाहेबांशिवाय हलणार नव्हती. त्यांनी आभाळाकडे बघितलं, मग छत्री कठड्याला लावली. मग कोटाची बटणं सोडली, कोट काढला, नीट घडी करून लंकाबाईच्या हातात दिला आणि जपून शिडी उतरले. रावसाहेबांना कोटाशिवाय हिरडेवाडीनं पहिल्यांदाच पाहिलं. आत सदऱ्याला काखेत ठिगळ होतं. ते बघून बायकांना का कोण जाणे, त्यांची थोडी दया आली.

रावसाहेबांनी वाकून एक दगड उचलला. चांदबी दहावी बांगडी चिमटीत धरून कठड्यावरून डोकावत होती.

"त्यो नगं, रावसाहेब," ती वरून ओरडली. "त्यो बारका पावसात वाहून जाईल. शेजारचा मोठा उचला, भाऊ. कमरेत वाका. हां, आता कसं!"